अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरचा हर्निया: घरच्यांनी काय बघायचं आणि कधी पळायचं

अन्ननलिकेचं ऑपरेशन होऊन पेशंट घरी आला की सगळ्यांचं लक्ष दोनच गोष्टींवर असतं, एक म्हणजे आज किती खाल्लं आणि दुसरं म्हणजे कॅन्सर परत तर येणार नाही ना. हर्निया कोणाच्या डोक्यातच नसतो. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर ओझरतं बोललेले असतात पण त्या बिलाच्या आणि औषधांच्या गडबडीत ते कुठे लक्षात राहतंय, आणि तसंही आपल्याला हर्निया म्हणजे जांघेतला नाहीतर बेंबीजवळचा फुगवटा एवढंच माहीत. हा हर्निया बाहेरून दिसतच नाही. पोटातलं आतडं डायफ्रॅममधल्या, म्हणजे छाती आणि पोट यांच्या मधल्या पडद्यातल्या, भोकातून वर छातीत जातं, आणि त्रास सुरू होतो तो गॅससारखा, ॲसिडिटीसारखा, कधी चक्क हार्टसारखा. म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही. माझ्या सासऱ्यांचं हे ऑपरेशन झालंय आणि फॉलोअपच्या रांगेत बसून बसून बऱ्याच घरांशी ओळखी झाल्यात, नवीन लोकांचे प्रश्न साधारण तेच असतात. तुमच्या सर्जननी यातलं काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आणि हो, आत्ता हे वाचत असताना पेशंटला जोरात दुखत असेल, उलट्या थांबत नसतील किंवा दम लागत असेल तर बाकीचं सोडा, सरळ पाचव्या पायरीवर जा.

पहिली पायरी: आत काय बदललंय ते एकदा नीट समजून घ्या

हे कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा वेळ द्या. ऑपरेशनमध्ये अन्ननलिकेचा बराचसा भाग काढतात. मग खायचं कुठून? तर जठराची, म्हंजे पोटाच्या पिशवीची, एक लांब बारीक नळी बनवतात आणि ती छातीतून वर ओढून वरच्या उरलेल्या अन्ननलिकेला जोडतात. म्हणजे आता तुमच्या पेशंटचं जठर पोटात नाहीये, छातीत आहे. छाती आणि पोट यांच्यामधे डायफ्रॅम नावाचा स्नायूचा पडदा असतो, त्याला अन्ननलिका जायला मुळातच एक भोक असतं. अन्ननलिका बारीक, जठराची नळी तिच्यापेक्षा जाड, म्हणून सर्जनला बऱ्याचदा ते भोक मोठं करावं लागतं, घट्ट ठेवलं तर नळी आवळली जाईल आणि तिचा रक्तपुरवठाच बंद पडेल. घरात एसीचा पाइप काढायला भिंतीला भोक पाडतात तेव्हा पाइपच्या बाजूला फट राहते ना, तसंच इथे होतं. टाके घेऊन ती फट लहान केलेली असली तरी टाके सुटू शकतात किंवा स्नायू हळूहळू ढिला पडू शकतो.

आता गंमत अशी की पोटातला दाब जास्त आणि श्वास आत घेताना छातीतला दाब कमी, म्हणजे प्रत्येक श्वासाला पोटातल्या गोष्टी वर ओढल्या जातात. खोकला आला, जोर करून शौचाला बसलं, जड उचललं की खालून अजून दाब. बहुतेक वेळा वर जातं ते मोठं आतडं, त्यातही आडवा भाग, कारण तो नेमका जठराच्या खालच्या बाजूला एका चरबीच्या पडद्याने लटकलेला असतो आणि जठर मोकळं करताना तो पडदा कापावाच लागतो. काहींच्यात लहान आतडं जातं, कधी नुसता चरबीचा पडदाच वर सरकतो. आणि जातं ते जास्त करून डाव्या बाजूला, कारण उजवीकडे लिव्हर आडवं बसलेलं असतं. म्हणून डाव्या छातीत, डाव्या बरगडीखाली काही नवीन दुखणं सुरू झालं तर कान टवकारा.

किती जणांना होतं? जुन्या पद्धतीच्या ओपन ऑपरेशननंतर त्रास देणारा हर्निया शंभरात साधारण एक-दोघांना, आणि दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशननंतर चार-पाच जणांना, अभ्यासागणिक आकडे थोडे इकडे तिकडे होतात. दुर्बिणीत जास्त का, तर ओपन ऑपरेशननंतर आत आतडी एकमेकांना आणि आजूबाजूला चिकटतात, तो चिकटा एरवी त्रासदायक असतो पण इथे तो आतड्याला जागेवर धरून ठेवतो, दुर्बिणीत चिकटा कमी म्हणून आतडं मोकळं फिरतं. यावरून दुर्बिणीचं ऑपरेशन वाईट असं अजिबात समजू नका. २०१२ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापलेल्या युरोपातल्या एका चाचणीत पहिल्या दोन आठवड्यांतलं फुप्फुसाचं इन्फेक्शन ओपनमध्ये २९ टक्के आणि दुर्बिणीत ९ टक्के आलं होतं, त्यामुळे तो सौदा फायद्याचाच आहे, फक्त हर्नियावर डोळा ठेवायचा.

दुसरी पायरी: डिस्चार्ज कार्ड काढा आणि तीन गोष्टी शोधा

एक, ऑपरेशनचं नाव. आयव्हर लुईस लिहिलं असेल तर पोट आणि उजवी छाती अशा दोन बाजूंनी ऑपरेशन झालंय आणि जोड छातीत आहे, ही पद्धत १९४६ पासूनची. मॅक्‌किओन लिहिलं असेल तर तीन ठिकाणी, पोट, छाती आणि मान, आणि जोड मानेत, ही १९७६ ची. ट्रान्सहायटल म्हणजे छाती न उघडता पोट आणि मानेतून केलेलं, यात डायफ्रॅमच्या त्या भोकातूनच सर्जनचा हात छातीत जातो त्यामुळे भोक चांगलंच मोठं होतं. पुढे लॅप, व्हॅट्स, रोबोटिक असं काही असेल तर दुर्बिणीचं.

दोन, डायफ्रॅमच्या भोकाला टाके घेतलेत का, कधी कधी एका ओळीत लिहिलेलं असतं. नसेल लिहिलेलं तर पुढच्या फॉलोअपला विचारा, विचारण्यात लाज कसली. तीन, एफजे म्हणजे पोटाच्या बाजूने लहान आतड्यात घातलेली फीडिंगची नळी, ती कधी घातली आणि कधी काढली.

या कार्डाचा फोटो घरातल्या किमान तीन जणांच्या मोबाइलमध्ये हवा. मुलगा पुण्यात आणि पेशंट गंगाखेडला, आणि कार्ड मुलाच्या कपाटात, असं असून उपयोग नाही. ऑपरेशननंतरचे एक्सरे आणि सीटीची फिल्म किंवा सीडी पण एका पिशवीत घालून पेशंटजवळच ठेवा, त्याचं कारण पुढे येईलच.

तिसरी पायरी: तुमच्या पेशंटचं नॉर्मल काय ते लिहून ठेवा

या ऑपरेशननंतर काहीच पहिल्यासारखं राहत नाही. थोडं थोडं सहा-आठ वेळा खायचं, जेवल्यावर पोट गच्च, झोपताना डोक्याकडची बाजू उंच, कधी कडू पाणी वर येतं, कधी जुलाब. म्हणून "तब्येत कशीये" विचारलं की उत्तर "अशीच" येतं, आणि या अशीच मधेच नवीन त्रास लपून बसतो. एक साधी वही करा. आठवड्यातून एकदा वजन, त्याच काट्यावर. रोज किती वेळा खाल्लं, संडासला झाली का, गॅस सरतोय का, खोकला आहे का, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो, दुखत असेल तर कुठे आणि किती वेळ. एवढंच, रोज दोन मिनिटं. महिनाभरात तुम्हाला कळेल की ह्यांचं नॉर्मल हे असं आहे, आणि मग वेगळं काही झालं की ते लगेच डोळ्यात येतं. हर्निया ऑपरेशननंतर काही दिवसांत पण होऊ शकतो आणि काही वर्षांनी पण, बरेचसे पहिल्या दोनेक वर्षांत दिसतात. तेव्हा पहिलं वर्ष नीट गेलं म्हणून वही माळ्यावर टाकू नका.

चौथी पायरी: कुठलं दुखणं कसलं, हे वेगळं करायला शिका

सगळ्यात अवघड पायरी हीच, आणि डॉक्टर लोकसुद्धा इथे गडबडतात, त्यामुळे घरबसल्या तुम्ही निदान करायचं नाहीये. फक्त कशाला थांबून चालतं आणि कशाला नाही एवढं कळलं तरी पुष्कळ.

डंपिंग, म्हणजे खाल्लेलं भरभर आतड्यात उतरणं, हा जवळजवळ सगळ्यांच्या ओळखीचा. खाल्ल्यावर पंधरा-तीस मिनिटांत धडधड, घाम, चक्कर, पोटात मुरडा, जुलाब. गोड किंवा पातळ खाल्लं तर जास्त. दुसरा प्रकार एक ते तीन तासांनी, साखर उतरते म्हणून हातपाय थरथरतात. दोन्ही खाण्याशी बांधलेले असतात आणि थोडं आडवं झालं किंवा वेळ गेला की ओसरतात.

जोड आक्रसला असेल तर गिळताना अडकतं. आधी भाकरी, चपाती, मग मऊ भात, मग पातळसुद्धा, असं हळूहळू वाढत जातं, घास तिथेच अडकून तसाच परत येतो. पोटात कळ नसते. याला एंडोस्कोपीने ताणून मोठं करतात, आणि कधी कधी ते परत परत करावं लागतं.

कडू पाणी येणं म्हणजे पित्त वर येणं, वाकल्यावर किंवा रात्री आडवं झाल्यावर. उंच उशी केली की कमी होतं.

हर्नियाचं काय असतं तर एक म्हणजे नवीन दुखणं, वरच्या पोटात किंवा डाव्या छातीत, कधी डाव्या खांद्यापर्यंत जाणारं. येऊन जाऊन असू शकतं, म्हणजे आतडं वर सरकलं की कळ, परत खाली आलं की मोकळं, आणि मग पेशंट म्हणतो झालं बरं, गॅस होता. याच्यावर विश्वास ठेवू नका, दोन-तीनदा असं झालं की वेळ घेऊन सर्जनला दाखवायचंच. दुसरं म्हणजे दम, पूर्वी दोन जिने चढणारा माणूस आता बाथरूमपर्यंत जाऊन धापा टाकतो, विशेषतः जेवल्यावर किंवा आडवं झाल्यावर, कारण छातीत आतडं बसलंय आणि फुप्फुसाला जागाच नाही. तिसरं म्हणजे दोन घासांत पोट भरणं, मळमळ, उलट्या, आणि पहिले काही महिने सावरलेलं वजन परत उतरायला लागणं. चौथं म्हणजे गॅस आणि शौच अडकणं. आणि काही जणांना छातीत गुरगुर ऐकू येते. हे हसण्यासारखं वाटेल पण एक जण मला म्हणाले होते की उशीवर कान टेकला की छातीत पोट बोलतं. आता छातीतल्या जठराच्या नळीचे पण आवाज येतात, त्यामुळे नुसती गुरगुर म्हणजे हर्निया नाही, पण पूर्वी नव्हती, आता डावीकडे येतेय आणि सोबत दुखतंय, तर सांगा.

बऱ्याच लोकांना काहीसुद्धा त्रास नसतो, फॉलोअपच्या सीटीतच दिसतं. त्याचं शेवटी बोलू.

छातीत दुखलं की "अरे हा तर हर्निया" असं पण ठरवू नका बरं का. या वयातल्या, आयुष्यभर तंबाखू-विडी केलेल्या माणसाला हार्ट अटॅक येऊच शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकू शकते. ईसीजी आधी, बाकी नंतर.

पाचवी पायरी: कधी थांबायचंच नाही

आतडं भोकात अडकलं आणि आवळलं गेलं की त्याचा रक्तपुरवठा बंद होतो, काही तासांत ते काळं पडायला लागतं, मग फुटतं, आणि ते फुटतं छातीत. म्हणून सकाळी बघू हा शब्द इथे नको.

हे दिसलं की निघा, रात्री दोन वाजले असले तरी:

– पोटात किंवा छातीत जोरात दुखतंय आणि थांबतच नाहीये, किंवा कळ येऊन जात होती ती आता सलग झालीये
– उलट्यांवर उलट्या, हिरव्या-पिवळ्या, किंवा शौचासारखा वास येणाऱ्या, किंवा रक्त
– दुखतंय आणि गॅस, शौच दोन्ही बंद
– दम लागतोय, ओठ-नखं निळसर, वाक्य पूर्ण बोलता येत नाही
– ताप, थंडी, नाडी जोरात पळतेय, घाम, हातपाय गार, लघवी कमी, किंवा पेशंट असंबद्ध बोलतोय

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आतडं अडकलं की पोट टम्म फुगतं हे आपण ऐकलेलं असतं, पण इथे अडकलेला भाग छातीत असतो त्यामुळे पोट फुगेलच असं नाही, हाताला मऊ पण लागेल. पोट मऊ आहे म्हणजे काही नाही, असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

घरी काय करायचं नाही ते पण सांगते कारण आपल्याकडे हे हमखास होतं. सोडा, ओवा, हिंगाचं पाणी नाही. एरंडेल, चूर्ण, एनिमा तर अजिबात नाही, पुढे रस्ता बंद असताना मागून जोर दिला तर आतडं फुटू शकतं. बेंबी सरकलीये म्हणून कोणाकडे पोट चोळून घ्यायला नेऊ नका, आजी कितीही म्हणाल्या तरी. तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, बहुतेक ऑपरेशन लागेल. एफजे नळी असेल तर फीड बंद करा. पेशंटला सपाट झोपवू नका, पाठीला उशा लावून बसतं ठेवा, कारण या लोकांच्यात जठराच्या तोंडाशी असणारी झडपच उरलेली नसते आणि सपाट पडलेल्याची उलटी सरळ फुप्फुसात जाते. फार ग्लानी असेल तर कुशीवर.

सहावी पायरी: दवाखान्यात पोचल्यावर काय बोलायचं

महाराष्ट्रात, गोव्यातही, १०८ लावा. पण त्याआधीच, म्हणजे आज शांतपणे बसून, एक शोधून ठेवा की तुमच्या जवळ रात्री सीटी स्कॅन चालू असणारा आणि सर्जन असणारा दवाखाना कुठला. परळच्या टाटामधे ऑपरेशन झालंय म्हणून वाशीमहून पेशंटला गाडीत घालून थेट मुंबई गाठायची असं बरेच जण करतात, आणि आवळलेल्या आतड्याला तेवढा वेळ नसतो. आधी जवळचं मेडिकल कॉलेज किंवा मोठं हॉस्पिटल, नागपूरला मेडिकल, संभाजीनगरला घाटी, कोल्हापूरला सीपीआर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळी, जे जवळ असेल ते. तिथून मूळ हॉस्पिटलला फोन करून डॉक्टर-डॉक्टरांचं बोलणं करून द्या. केस फाइल नंबर हाताशी ठेवा, आणि रेशनकार्ड, आधार, जनआरोग्य योजनेचे कागद पण त्याच पिशवीत.

आता खरं काम. कॅज्युअल्टीतला ड्युटी डॉक्टर बिचारा एका वेळी दहा पेशंट बघत असतो, आणि अन्ननलिका काढलेला पेशंट त्याने कदाचित पहिल्यांदाच बघितलेला असतो. तुम्ही "पोटात दुखतंय, उलट्या होतायत" एवढंच म्हणालात तर गॅसचं इंजेक्शन आणि सलाइन लागून सकाळी घरी. हे मी स्वतः बघितलंय, कुठे ते राहू दे. म्हणून पहिलं वाक्य ठरवून ठेवा, वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे तुम्ही नसलात तर शेजारचा पण वाचून दाखवेल:

"ह्यांची कॅन्सरमुळे अन्ननलिका काढलीये, जठराची नळी करून छातीत ओढलीये. आज अमुक वाजल्यापासून दुखतंय आणि उलट्या आहेत, गॅस पास नाही. डायफ्रॅममधून आतडं छातीत गेलंय का हे बघायचंय. छाती आणि पोट दोन्हीचा सीटी होईल का? आणि सर्जनना बोलवाल का?"

भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, पण हे वाक्य प्रत्येक नवीन डॉक्टरला परत सांगायचं, शिफ्ट बदलली की परत.

तपासण्यांबद्दल चार गोष्टी. पोटाची सोनोग्राफी इथे फार कामाची नाही, हर्निया छातीत लपलाय, सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून खूश होऊ नका. एंडोस्कोपी नळीच्या आतून बघते, आणि आतडं गेलंय नळीच्या बाजूने, त्यामुळे तीही नॉर्मल येऊ शकते. छातीच्या एक्सरेत डायफ्रॅमच्या वर हवेचे गोळे दिसतात पण इथेच गोंधळ होतो, कारण या पेशंटच्या छातीत जठर असतंच आणि त्यातही हवा-पाणी दिसतंच. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुका होतात. ज्याला इतिहास माहीत नाही तो रेडिओलॉजिस्ट साध्या, व्यवस्थित असलेल्या जठराच्या नळीलाच मोठा हर्निया म्हणून रिपोर्ट देतो आणि घरच्यांची झोप उडते, आणि उलट, खरंच गेलेल्या आतड्याला कोणी हे तर ह्यांचं जठरच म्हणून सोडून देतं. इथे ती जुन्या फिल्मची पिशवी कामाला येते, शेजारी शेजारी ठेवलं की नवीन काय आलंय ते दिसतं. पक्कं कळतं ते सीटीतच, शक्यतो शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिल्मवर उठून दिसणारं औषध, देऊन, म्हणजे आतड्याला रक्त पोचतंय का हेही कळतं.

आणि दोन धोके, हे मात्र पाठ करा. एक, छातीत पाणी किंवा हवा झालीये म्हणून बरगड्यांमधून नळी टाकायचं चाललं असेल तर आधी हात जोडून सांगा की हे आतडं असू शकतं, सीटी बघून टाकाल का. आतड्यात नळी घुसली तर फार वाईट होतं. दुसरं, नाकातून पोटात नळी टाकायची असते तेव्हा, तशी ती गरजेची असते, पण ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर जोडाला किंवा जठराच्या नळीला इजा होऊ शकते, म्हणून ऑपरेशन कधी झालं आणि जोड कुठे आहे ते आधी सांगायचं, जाणत्या हाताने टाकू देत.

सातवी पायरी: बाकीचे हर्निया पण बघा

हे सोपे, कारण हे दिसतात. पोटाच्या मधल्या टाक्यांवर खोकल्यावर फुगवटा येतो, आडवं झालं की आत जातो, तो टाक्यांचा हर्निया. घाई नसते पण दाखवायचा. तो कडक झाला, लाल-काळा पडला, दुखायला लागला, आत जाईना, तर पाचवी पायरी. दाबून आत ढकलायचा प्रयत्न करू नका.

दुर्बिणीच्या छोट्या भोकातला हर्निया फसवा असतो. त्यात कधी कधी आतड्याची फक्त एक बाजू चिमटीत सापडते, रस्ता पूर्ण बंद होत नाही, गॅस पास होत राहतो, आणि आपण म्हणतो गॅस होतोय म्हणजे ठीक आहे. ऑपरेशनच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत भोकाच्या जागी दुखून उलट्या होत असतील तर गॅस होतोय या एका गोष्टीवर थांबू नका.

एफजे नळी जिथे आतड्याला पोटाच्या भिंतीशी टाचते तिथे आतड्याला पीळ पडू शकतो. फीड चालू केलं की कळ, पोट गच्च, उलटी, असं झालं तर फीड थांबवा आणि दाखवा, नळी धुऊन परत फीड सुरू करू नका. उजव्या बरगड्यांमधल्या व्रणावर श्वासाबरोबर आतबाहेर होणारा मऊ फुगवटा क्वचित दिसतो, तोही फॉलोअपला दाखवा.

आठवी पायरी: हर्निया निघाला तर पुढे

फॉलोअपच्या सीटीत अचानक सापडला आणि पेशंटला काहीच त्रास नाही, तर सर्जन कधी नुसतं लक्ष ठेवू म्हणतात, कधी तब्येत चांगली आहे तोवर करून घेऊ म्हणतात. दोन्ही बरोबर असू शकतं, कारण ते वर काय गेलंय, किती गेलंय, कॅन्सरची स्थिती काय, वय काय यावर आहे. नुसती चरबी वर असणं आणि मोठं आतडं वर असणं यात फरक आहे. विचारायचे प्रश्न: काय वर गेलंय, मागच्या सीटीपेक्षा वाढलंय का, थांबलो तर कुठल्या लक्षणाला लगेच यायचं, आणि करायचं ठरलं तर कुठे आणि कोण करणार. माझं मत विचाराल तर ठरवून करायचं ऑपरेशन शक्यतो अन्ननलिकेची ऑपरेशनं नेहमी होतात तिथेच करा. आतडं खाली ओढणं सगळ्यांना जमतं, पण त्याच भोकातून जठराच्या नळीला जगवणारी एक रक्तवाहिनी वर गेलेली असते आणि तिला धक्का लागला तर अख्खी नळीच धोक्यात येते. इमर्जन्सीत मात्र हा विचार करायचा नाही, जो सर्जन समोर आहे तो.

ऑपरेशनमध्ये आतडं खाली आणतात, काळं पडलेलं असेल तर तेवढा भाग काढतात, भोक टाके घेऊन लहान करतात, काही जण जाळी लावतात, काही जण नळीला जाळी घासेल म्हणून टाळतात. बऱ्याचदा दुर्बिणीने होतं. नंतर परत होऊ शकतो हे खरं आहे, म्हणून वही चालू ठेवायची, आणि पहिल्या पानावरच्या वाक्यात "हर्नियाचं ऑपरेशन अमुक तारखेला झालंय, जाळी आहे किंवा नाही" ही एक ओळ वाढवायची.

आणि होऊच नये म्हणून? खात्रीचा उपाय कोणाकडेच नाही, पण पोटातला दाब कमी ठेवणं आपल्या हातात आहे. खोकला अंगावर काढू नका, हा सगळ्यात मोठा शत्रू, खोकताना उशी पोटाशी धरायची. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, त्याचं औषध डॉक्टरांना विचारून आधीच ठेवा (दुखत असताना नाही, ते वर सांगितलंय). दोन-तीन महिने पाण्याच्या कळशा, सिलेंडर, नातवंडं उचलणं बंद, शेतात ओझं तर नाहीच, नंतर कधी सुरू करायचं ते सर्जन सांगतील तसं. चालणं आणि श्वासाचे व्यायाम मात्र पहिल्यापासून, ते बंद करायचे नाहीत, हर्नियाच्या भीतीने माणूस खाटेला खिळला तर न्यूमोनिया आधी गाठेल. मिसरी, तंबाखू, विडी हे सांगायला नको, पण सांगतेच, कारण ऑपरेशननंतर वर्षभराने मिसरी परत सुरू केलेल्या मावश्या मी त्याच फॉलोअपच्या रांगेत बघितल्यात, पदराआड.